मैत्रिणीला टॅग करून विचारलं, आता ती बोलत नाही

प्रश्न: ताई, माझी ऑफिसमधली खूप जवळची मैत्रीण मुस्लीम आहे. मध्यंतरी एका अतिरेकी हल्ल्याची बातमी आली तेव्हा मी आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, त्यात कुराणातली एक आयत होती, 'मूर्तिपूजकांना सापडतील तिथे मारा' अशी. वर तिला टॅग करून विचारलं की तुम्ही लोक याचा निषेध का करत नाही? ती एवढंच म्हणाली, "बाकी कुठल्या धर्माच्या माणसाला तू हे विचारतेस का?" आणि ग्रुप सोडला. आता फक्त कामापुरतं बोलते. खरंच इस्लामला वेगळी फूटपट्टी लावली जाते का, की ती जास्तच मनाला लावून घेतेय? मग टीका करायचीच नाही का? आणि तिला मेसेज करू की फोन?
– गोंधळलेली

उत्तर: अगं, तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकीत अडकल्यात. इस्लामवर टीका करावी का, हा एक प्रश्न आणि मैत्रिणीला जाब विचारावा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही, आणि तू पहिल्याच्या नादात दुसरं करून बसलीस.

फूटपट्टी वेगळी लागते का? लागते. १९९५ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत बॉम्बस्फोट झाला, १६८ माणसं गेली आणि लगेच टीव्हीवर मध्यपूर्वेतल्या लोकांवर संशय सुरू, शेवटी निघाला कोण तर टिमोथी मॅकव्हे, त्यांच्याच सैन्यातला माजी सैनिक. २०११ मध्ये नॉर्वेत ७७ जणांना मारलं तेव्हाही पहिल्या काही तासांत मोठमोठे एक्स्पर्ट अल कायदाचं नाव घेत होते, आणि तो होता ब्रेविक, नॉर्वेचाच, मुस्लिमांचा पक्का द्वेष्टा आणि स्वतःला ख्रिश्चन युरोपचा रक्षक समजणारा. २०१९ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींमध्ये एका गोऱ्या वंशवाद्याने ५१ लोक मारले. आता सांग, यातल्या एकातरी घटनेनंतर तू कुठल्या ख्रिश्चन ओळखीच्याला टॅग करून विचारलंस का की बाबा तुम्ही निषेध का करत नाही? नाही ना, आणि बरंच केलंस, कारण तो प्रश्न मूर्खपणाचा ठरला असता. म्यानमारमध्ये २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या मुस्लीम देश सोडून पळाले, तिथे काही बौद्ध भिक्खू उघड उघड मुस्लिमांविरुद्ध द्वेष पसरवत होते, तरी जगभर बौद्ध धर्म म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर ध्यान आणि शांतीच येते. तिथे आपण पटकन म्हणतो की ते तिथलं राजकारण, धर्माचा काय संबंध. हीच सवलत इस्लामच्या वाट्याला सहसा येत नाही.

आणि हे नुसतं वाटणं नाहीये. अमेरिकेत २००६ ते २०१५ मधल्या अतिरेकी हल्ल्यांच्या बातम्या मोजणारा एक अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, त्यात हल्लेखोर मुस्लीम असला की सरासरी ३५७ टक्के जास्त कव्हरेज मिळालं असं निघालं. म्हणजे तुझ्यापर्यंत बातमी पोचायच्या आधीच वजनात गडबड झालेली असते, त्यात तुझा एकटीचा दोष नाही. पण फॉरवर्डचं बटण तूच दाबलंस हेही खरं.

त्या आयतीचं बोलू. ती कुराणातल्या नवव्या सूरेतली, म्हणजे अध्यायातली, पाचवी आयत, असले फॉरवर्ड करणाऱ्यांची लाडकी. तिच्या आधीच्या आयतीत करार पाळणाऱ्यांना वगळलंय आणि लगेच पुढच्या, सहाव्या आयतीत सांगितलंय की त्यांच्यातल्या कुणी आसरा मागितला तर द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोचवा. हे कधी फॉरवर्डमध्ये दिसतं का? बायबलमध्ये शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा १५वा अध्याय काढून बघ, तिथे अमालेकी नावाच्या शत्रू टोळीतल्या बायका, तान्ही मुलं, जनावरं सगळी मारून टाका असा हुकूम आहे, आणि तो वाचून कुणी शेजारच्या ख्रिश्चन माणसाला घाबरत नाही. जुन्या धर्मग्रंथांत युद्ध असतं, दया असते, दोन्ही असतं. एक ओळ उचलायची आणि त्यावरून २०० कोटी माणसं ओळखायची, हे मला फार आळशी काम वाटतं.

पण थांब, खूश होऊन 'सगळ्याच धर्मात असतं' म्हणत पुढे जाऊ नकोस. ते उत्तरही मला पटत नाही, त्यातून काही प्रश्न चक्क गिळले जातात. धर्म सोडला म्हणून मृत्युदंड ही शिक्षा आज ज्या मोजक्या देशांत आहे ते जवळपास सगळे मुस्लीमबहुल आहेत. पाकिस्तानात आसिया बीबीला ईशनिंदेच्या आरोपावरून २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, सुटायला २०१८ उजाडलं, आणि मधल्या काळात तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच बॉडीगार्डने गोळ्या घातल्या. अफगाणिस्तानात मुलींची शाळा सहावीनंतर बंद. हे सगळं करणारे धर्माचं नाव घेऊनच करतात, तेव्हा त्यावर बोलायचं, ठणकावून बोलायचं, त्यात इस्लामद्वेष वगैरे काही नाही. टीका झाली की लगेच द्वेषाचा शिक्का मारणारेही आहेत आणि त्यांच्यामुळे नुकसान होतं ते तिथल्या त्या मुलींचंच.

फक्त कुणावर बोलतोय ते नेमकं सांगावं. २०१३ मध्ये प्यू या संस्थेचा मोठा सर्व्हे आला होता, शरियाचा, म्हणजे इस्लामी धर्मनियमांचा, कायदा हवा म्हणणाऱ्या मुस्लिमांना विचारलं की धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड द्यावा का, तर इजिप्तमध्ये ८६ टक्के हो म्हणाले आणि कझाकस्तानात ४ टक्के. कुराण तेच, नमाज तीच, मग एवढा फरक आला कुठून? देशाचे कायदे, इतिहास, कुणाचं राज्य होतं, शाळेत काय शिकवलं, इथून. त्यामुळे 'इस्लाम असाच' म्हणणारा मला इजिप्तबद्दल काहीतरी सांगू शकतो, पण कझाकस्तानपाशी त्याची गाडी अडते. आणि 'इस्लाम म्हणजे फक्त शांती' म्हणणाऱ्याची इजिप्तपाशी.

अजून एक, या लढाईत पुढे कोण आहे ते बघ. तासीर स्वतः मुस्लीम. २०१५ ला पॅरिसमध्ये शार्ली एब्दो या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकावर हल्ला करणाऱ्यांनी रस्त्यावर मारलेला पोलीस अहमद मेराबे, मुस्लीम. २०२२ मध्ये हिजाबच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतर इराणमध्ये भर रस्त्यात डोक्यावरचे स्कार्फ जाळणाऱ्या बायका त्याच समाजातल्या. निषेध का करत नाही म्हणून विचारलंस ना, तर २०१४ मध्ये १२० हून जास्त मुस्लीम विद्वानांनी आयसिस या अतिरेकी संघटनेचा म्होरक्या बगदादी याला जाहीर पत्र लिहून त्याचे मुद्दे एकेक करून खोडून काढले होते. ते पत्र तुझ्या ग्रुपवर आलं होतं का? माझ्याकडे तरी कुणी फॉरवर्ड केलं नाही.

तर तुझी मैत्रीण जास्त मनाला लावून घेतेय का? मला नाही वाटत. तिने टीका करू नको असं म्हटलंच नाहीये, परत वाच तुझं पत्र. तिने फक्त विचारलं की हा प्रश्न मलाच का. रोज जिच्यासोबत डबा खातेस, जी तुला माणूस म्हणून माहितीये, तिला तू एका क्षणात 'तुम्ही लोक' करून टाकलंस, तेही सगळ्यांसमोर.

आता फोन की मेसेज. फोन कर. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' हे वाक्य अजिबात नको, त्यात सगळं तिच्या वाटण्यावर ढकललेलं असतं. सरळ सांग की मी तुला जो प्रश्न विचारला तो दुसऱ्या कुणालाच विचारला नसता, चूक झाली. 'तू बाकीच्यांसारखी नाहीस गं' असं चुकूनही म्हणू नकोस, कौतुक करतेय असं तुला वाटेल आणि तिच्या घरच्यांना तू बाकीच्यांत ढकललेलं असेल. वर मी दिलेले आकडे तिला ऐकवू नकोस, ते तुझ्यासाठी आहेत, तिला ते आयुष्यभर पाठ करावे लागलेत. आणि जे ग्रुपवर केलंस ते ग्रुपवरच मागे घे, ती तिथे नसली तरी. त्यावर कुणीतरी 'एवढं काय त्यात' म्हणेलच, त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. तिने फोन नाही उचलला तर दुसऱ्या दिवशी परत लावू नकोस, एक साधा मेसेज टाक आणि तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे.