कमी पाण्याची बाग: रोपं निवडताना

काटक झाडही पहिलं वर्षभर पाणी मागतंच. नवशिक्यांची रोपं बहुतेक इथेच जातात. रोज शिंपडू नका. त्यानं मुळं वरच्या वर राहतात आणि उन्हात करपतात. आठवड्यातून एकदा-दोनदा, माती 20-30 सेंटिमीटर खोल भिजेल इतकं सावकाश पाणी द्या. बोट दोन पेरं खुपसा. ओल लागली तर थांबा.

निवडताना पानं बघा. जाड, लवदार, राखाडी किंवा अगदी बारीक पानांतून पाणी कमी उडतं. बोगनवेल, कोरफड, रोझमेरी घ्याच. कण्हेर चिवट, पण विषारी. घरात लहान मुलं असतील तर नकोच. कोरफड आणि जास्वंद एका वाफ्यात लावू नका, जास्वंदीपुरतं पाणी दिलंत की कोरफडीची मुळं कुजतात. पालापाचोळ्याचं आच्छादन 5-7 सेंटिमीटर, खोडापासून चार बोटं लांब.