बुश थांबतील, पॉलिसी थांबणार नाही

पुण्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"वय 44, खासगी नोकरी, हातात महिना 98,000. वडिलांची 1978ची प्रीमियर पद्मिनी आहे, दर रविवारी सासवडला शेतावर घेऊन जातो. खड्ड्यात पुढून-मागून खडखड येते, सस्पेन्शनचे रबर बुश (सांध्यांत बसणारी, धक्के शोषणारी रबरं) सगळे गेलेत. गॅरेजवाल्याने 38,000 सांगितले. नाना पेठेत विचारलं तर सगळा माल 11,000ला बसतो. पार्किंगमध्ये स्वतः केलं तर हत्यारं धरून 25,000. वाचलेले 13,000 उपयोगी पडतील, कारण गेल्या महिन्यात बँकेतल्या मॅडमनी गॅरंटीड प्लॅन करून दिला, त्यासाठी दोन लाखांची एफडी मोडली. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं. विसाव्या वर्षी 32 लाख, टॅक्स फ्री. 15 लाखांचं लाइफ कव्हरही झालं. पॉलिसीचे कागद 19 दिवसांपूर्वी कुरिअरने आले. गृहकर्ज 28 लाख बाकी, हप्ता 31,000, घरखर्च 45,000. मुलगी नववीत, पत्नी घरी. 2028मध्ये गाडीला 50 वर्षं होऊन ती व्हिंटेज होईल, आठ-दहा लाख येतील, ते मुलीच्या इंजिनिअरिंगला. तर काम गॅरेजला द्यावं की घरी करावं?"

नमस्कार. तुमच्या पत्रातला 19 हा आकडा पाहिल्यावर उत्तर छापून यायची वाट पाहिली नाही, आधी तुम्हाला मेल केली. इथे बाकीच्यांसाठी देतोय. या कुरिअरसारखं कुरिअर आणखी बऱ्याच घरांत आलेलं असणार.

आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत, पटली नाही म्हणून, ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. विकताना हा शब्द कोणी उच्चारत नाही. तुमच्याकडे अकरा दिवस आहेत, कदाचित कमी. पॉलिसी मेलवर आधी आली असेल तर दिवस त्या तारखेपासून मोजले जातील, म्हणून आज मेल उघडून तारीख बघा. मग नोंदवलेल्या मेल आयडीवरून विमा कंपनीला लिहा: फ्री लूकमध्ये पॉलिसी रद्द करावी. शिवाय कंपनीच्या शाखेत छापील अर्ज देऊन पोच घ्या. बँकेत देऊ नका, कंपनीत द्या. स्टँप ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि इतक्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता कापून उरलेले पैसे परत येतात.

मग मॅडमचा फोन येईल. साहेबांशी बोला म्हणतील, दुसरा प्लॅन करून देते म्हणतील, तुमचंच नुकसान आहे म्हणतील. नम्रपणे नाही म्हणा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाचं 'बिमा भरोसा' पोर्टल आहे, आणि विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे.

आता का परत करायची ते. दीड लाख गुणिले दहा, पंधरा लाख भरायचे. विसाव्या वर्षाअखेर 32 लाख. "पैसे दुपटीहून जास्त" असं तुम्हाला सांगितलं गेलं असणार, आणि ते खोटंही नाही. फक्त वीस वर्षांत दुप्पट म्हणजे किती टक्के, हे सांगितलं नाही. मी सांगतो: वर्षाला 5 टक्के. हेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून पुढची दहा वर्षं नुसतं खातं चालू ठेवलं, तर सध्याच्या 7.1 टक्क्यांनी 44 लाखांच्या आसपास होतात. तेही टॅक्स फ्री. हा व्याजदर वीस वर्षं असाच राहील असं मी म्हणत नाही, पण बारा लाखांची दरी भरून यायला तो फार खाली यावा लागेल. गॅरंटीड या शब्दावर माणूस इतका भाळतो, की गॅरंटी कशाची आहे ते विचारायचं राहूनच जातं.

आणि ते "लाइफ कव्हर झालं". उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरात 15 लाख येणार, बँकेला द्यायचे 28 लाख. तेरा लाखांचा खड्डा, आणि अजून एक रुपया घरखर्चाचा नाही, मुलीच्या फीचा नाही. तुमच्या वयाला, निर्व्यसनी आणि तब्येत ठीक असेल तर, साठीपर्यंतचा एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वर्षाला वीस ते तीस हजारांत मिळतो. वैयक्तिक टर्म विम्यावर सप्टेंबर 2025पासून जीएसटीही नाही. दीड लाखात पंधरा लाख घेतलेत, पंचवीस हजारांत एक कोटी मिळत होते. टर्मचा अर्ज आजच टाका. एरवी मी म्हणतो, नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी सोडू नका. इथे तेवढा वेळ नाही. 15 लाखांच्या तुटपुंज्या कव्हरसाठी फ्री लूकची मुदत घालवणं परवडणार नाही.

महिन्याचा हिशेब तुम्ही मांडला नाहीत, मी मांडतो. 98 हजारांतून हप्ता 31, घर 45. उरले 22. पॉलिसीचे महिन्याला साडेबारा पडतात, राहिले साडेनऊ. यात शाळेची फी, आजारपण, सणवार, टर्म, आणि गाडी. दुसऱ्या वर्षीचा दीड लाखाचा हप्ता कुठून भरणार होतात? एक एफडी होती, ती पहिल्याच हप्त्याला मोडली. आणि पहिल्या एक-दोन वर्षांत थांबलात तर भरलेल्यातला मोठा भाग बुडतो.

पैसे परत आले की ती एफडी पुन्हा करा. घरखर्च आणि हप्ता मिळून 76 हजार, सहा महिन्यांचे साडेचार लाख, एवढे अडीअडचणीसाठी बाजूला हवेत. तुमच्याकडे दोन असतील. टर्मचे दोन-अडीच हजार गेल्यावर महिन्याला पंधरा हजार टाकत राहिलात तर दीडेक वर्षात भरेल. त्यानंतर मुलीच्या शिक्षणाचं बोलू. गुंतवणूक कुठे करू, असं तोपर्यंत मला विचारू नका, बँकेतल्या मॅडमना तर नाहीच.

आता व्हिंटेज. 2021च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या, मूळ रूपात असलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, हे बरोबर. 20,000 शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. म्हणजे सासवड बंद. आणि नंबर बदलला म्हणून गिऱ्हाईक आठ-दहा लाख का देईल? पद्मिनी काही दुर्मीळ नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट म्हणून ती 1964पासून निघायला लागली ती या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत. अख्खी मुंबई तिच्या टॅक्सीतून फिरली. 2023च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा लोक हळहळले, फोटो काढले. हळहळणं फुकट असतं. तुमच्या हिशेबात या गाडीची किंमत शून्य धरा. विकायची नाहीच आहे तुम्हाला, पत्रातल्या प्रत्येक ओळीत दिसतंय. आमच्याकडेही होती. कागदावर पद्मिनी, घरात सगळ्यांच्या तोंडी फियाट, आणि स्टिअरिंगजवळचा गिअर टाकायला वडील कोणाला देत नसत.

आता तुमचा प्रश्न. 13,000 वाचतात हे कागदावर खरं, पण त्यात तुमचे पाच-सहा रविवार, सोसायटीच्या पार्किंगमधली कुरबुर आणि गंजलेला बोल्ट तुटला की वेल्डिंगवाल्याकडची खेप धरलेली नाही. तरी मी सरसकट नाही म्हणणार नाही. मागचं काम करा: पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) डोळ्यातले आणि शॅकलचे (पाटा गाडीला जोडणाऱ्या कड्यांचे) बुश, शॉकॲब्सॉर्बरचे रबर. पुढचे चाक धरून ठेवणारे वरचे-खालचे आर्म गॅरेजला द्या. तिथे दाबलेली कॉइल स्प्रिंग आहे, ती सुटली तर हात मोडते. शिवाय आर्म उघडले की अलाइनमेंट करावंच लागतं. गॅरेजवाल्याला फक्त पुढच्या कामाचा दर विचारा, 38च्या निम्म्याच्या आसपास यायला हवा. 14,000ची हत्यारंही मग लागत नाहीत. चांगले पाने, दोन जॅक स्टँड (उचललेली गाडी टेकवायला), चाकांना लावायला ठोकळे, बस. बाकीचं भाड्याने किंवा मित्राकडून.

नाना पेठेत माल घेताना नखाने रबर दाबून बघा. पंधरा वर्षं फळीवर पडलेला "ओरिजिनल" बुश गाडीत न बसताच म्हातारा झालेला असतो, बारीक भेगा दिसतात. बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, साबणाचं पाणी लावा. सर्वांत महत्त्वाचं, सायलेंट ब्लॉक बुशचे (लोखंडी नळ्यांमध्ये रबर घट्ट बसवलेल्या बुशचे) बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आलं की शेवटचं आवळायचं. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं, मग नाना पेठेला पुन्हा फेरी. गॅरेजमध्येही ही चूक होते, तेव्हा तिथे उभं राहून बघा.

ही गाडी जवळपास नऊशे किलोची आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली 28 लाखांचं कर्ज आणि 15 लाखांचा विमा घेऊन कोणी झोपू नये. म्हणून क्रम असा ठेवा: आज रद्द करायची मेल आणि टर्मचा अर्ज. टर्मची पॉलिसी हातात आली की जॅक स्टँड आणा. तोवर खडखड राहू द्या, फक्त सासवडला जाताना दिवे घाटात हळू चालवा. आणि कुरिअरचं पाकीट फेकू नका, मिळाल्याची तारीख दाखवायला तेच लागेल.