सिनेमा बघितल्यापासून घरात शांतता आहे

नात्यातली पडझड दाखवणारा एखादा परदेशी सिनेमा नवरा-बायको एकत्र बघतात आणि आठवड्याभरानं माझ्यासारख्या समुपदेशकासमोर येऊन बसतात. प्रश्न ठरलेला: “आमचंही असंच होणार का?” बाबूराव पेंटरांच्या गावाला, आमच्या कोल्हापूरला, सिनेमाचं वेड नवं नाही. पूर्वी असले चित्रपट शाहू स्मारक भवनात फिल्म सोसायटीच्या खेळाला गाठावे लागायचे, आता ते मोबाइलवर येतात. पण भवनातून बाहेर पडलेली माणसं दसरा चौकात चहा घेत त्यावर तावातावानं बोलतात तरी. घरी बघितला की दिवा मालवून दोघं दोन कुशींवर.

ज्या जोडप्याबद्दल लिहितेय (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), त्यांनी दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ बघितला होता. मुळात ही १९७३ ची सहा भागांची स्वीडिश टीव्ही मालिका. तिचाच पुढं पावणेतीन तासांचा सिनेमा झाला आणि यांनी तो एका रात्रीत संपवला. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर, बायको शाळेत शिक्षिका.

“आमच्यात भांडणंच नाहीत ओ मॅडम,” तो म्हणाला. “हिनं उगंच मनाला लावून घेतलंय.”

“भांडणं नाहीत, तेच तर...” एवढं बोलून ती थांबली.

सिनेमाही अशाच न भांडणाऱ्या जोडप्यापासून सुरू होतो. योहान आणि मारियान, लग्नाला दहा वर्षं, एका मासिकासाठी मुलाखत चाललीय. स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर योहान आपलं कौतुक करत सुटतो. मारियान अडखळते, योहानशी लग्न झालंय, दोन मुली आहेत, यापलीकडं तिला सुचत नाही. आणि ही बाई वकील, दुसऱ्यांचे घटस्फोट हाताळणारी! पुढच्या भागात रविवारचं आईकडचं जेवण रद्द करायला ती फोन लावते, तेही तिला जमत नाही. तिसऱ्यात तो सांगतो की दुसरी बाई आहे, तिच्याबरोबर निघालोय. मारियान हादरते, विनवते, आणि त्याची बॅगही भरून देते.

इथं बहुतेक जोडप्यांची वकिली सुरू होते. तू त्याच्यासारखा, तूच तिच्यासारखी. मी ती चालू देत नाही. एकच विचारते: कुठल्या प्रसंगाला तुमच्या पोटात गोळा आला? पात्राशी तुलना केली की तो आरोप होतो आणि आरोप खोडता येतो. पोटातला गोळा कुणाला खोडता येत नाही.

त्यानं मारामारीचा प्रसंग सांगितला. तिनं बराच वेळ घेतला. “बॅग भरायचा.”

“त्यात काय एवढं?” तो म्हणाला.

“मी पण भरून दिली असती. इस्त्रीचे शर्ट वर ठेवले असते. डबा पण दिला असता.”

तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. मग म्हणाला, “आणि मला कसं कळणार होतं, मी गेलेलं तुला चालत नाही म्हणून?”

मी मध्ये पडले नाही. अशा वेळी समुपदेशकाचं एक वाक्यसुद्धा जास्त होतं आणि ती वेळ मला ओळखता येते, असं म्हणायला हरकत नाही. कोण चुकलं यापेक्षा दोघांत या क्षणी काय घडतंय याकडं माझं लक्ष असतं. तिचं राबणं बघून तो समजत आला, सगळं ठीक आहे. तिला वाटत आलं, मागावं लागलं तर त्यात प्रेम कसलं? त्यानं विचारायचं सोडलं, तिनं सांगायचं. भांडण होणार कुठून?

तर प्रश्नाचं उत्तर: सिनेमा म्हणजे तुमची पत्रिका नव्हे. पण बघायची पद्धत बदला. सहा भागांची मालिका घ्या आणि आठवड्याला एकच भाग बघा, साधारण पाऊण तासाचा, रात्री नवाच्या आत. मग प्रत्येकानं १० मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं तोडायचं नाही. वाक्याची सुरुवात ‘मला’नं, ‘तू नेहमी’नं नाही. ऐकणाऱ्यानं उत्तर द्यायच्या आधी ऐकलेलं एका वाक्यात परत सांगायचं आणि विचारायचं, बरोबर ऐकलं का? सगळ्यांचं घोडं इथंच अडतं, कारण समोरचा बोलत असताना आपण उत्तर जुळवत बसलेलो असतो.

छाती धडधडायला लागली, ठोके शंभराच्या वर गेले, की थांबा. त्या अवस्थेत शहाणा माणूसही ऐकू शकत नाही. शरीर निवायला किमान २० मिनिटं लागतात, तीही मनात भांडण घोळवत घालवली तर फुकट. उठताना ‘अर्ध्या तासानं येतो’ असं सांगून उठा. न सांगता गेलात, तर मागं राहिलेल्याला टाकून दिल्यासारखं वाटतं.

या दोघांचं तिसऱ्या भागापर्यंत आलं तेव्हा ती एका शुक्रवारी म्हणाली, “या रविवारी तुमच्या आईंकडं तांबडा-पांढरा करायला मी येणार नाही. मला झोपायचंय.” तो म्हणाला, “बरं. मी जातो, येताना तुझ्यासाठी डबा आणतो.” सासूबाई रुसल्या, दोन दिवस. तेवढं चालतं.

पाचवा भाग मात्र जपून. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायला भेटलेली ही दोघं तिथं मारहाणीवर उतरतात. ज्या घरात खरोखर हात उचलला जातो, तिथं वरचं काहीही करू नका. मोकळेपणानं बोललेलं नंतर तिच्यावरच उलटतं. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. माझ्याकडं अशी जोडी आली तर मी दोघांना एकत्र बसवत नाही, आधी तिला एकटीला भेटते.