गॅस प्रक्रिया प्रकल्पात विजेसाठी भरवशाचं गॅस टर्बाइन कोणतं?

कंपनीचं नाव नंतर, आधी इंधन बघा. प्रकल्पातलाच गॅस जाळणार असाल, तर त्यात द्रवाचा अंशही राहता कामा नये. जड हायड्रोकार्बनचे थेंब बर्नरपर्यंत पोचले की ज्वाला नको तिथे भडकते आणि पुढची पाती भाजून निघतात. म्हणून फिल्टर-सेपरेटरनंतर (गॅसमधले कण आणि थेंब वेगळे करणारं उपकरण) हीटर लावून गॅस दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला गॅसमध्ये थेंब बनू लागतात) साधारण २८ अंश सेल्सिअस जास्त गरम ठेवतात. इथे काटकसर करू नका, कळकळीने सांगतो.

टर्बाइनच्या माहितीपत्रकावरची क्षमता १५ अंश सेल्सिअसला, समुद्रसपाटीवर धरलेली असते. कडक उन्हाळ्यात ती बरीच उतरते. दोन मशीनची गरज असेल तर तिसरं राखीव ठेवाच. सोलर टर्बाइन्स कंपनीचं टॉरस ६० हे गॅस टर्बाइन सुमारे ५.७ मेगावॅटचं आहे, मध्यम प्रकल्पाला अशी दोन-तीन जोडता येतात.