जागा बघायला मे महिन्यात जा

प्रश्न: आम्ही दोघं पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. साताऱ्याकडे माझ्या नावावर वडिलोपार्जित 12 गुंठे आहेत, त्यामुळे शेतकरी दाखल्याची अडचण नाही. एक-दीड एकर घेऊन घरचा भात, भाजी, एखादी गाय, कोंबड्या असं करायचं आहे. शहापूर, मुरबाड, कर्जत की माणगाव? जुलैत कर्जतला एक जागा पाहिली, बांधालगत ओढा खळाळत होता. – एक वाचक, मुलुंड

उत्तर: जुलैत कोकणातला प्रत्येक उतार ओढाच असतो. तीच जागा मेच्या दुसऱ्या आठवड्यात बघा. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात टँकरही तिथल्याच पाड्यांवर जातात. वर दीड-दोन फूट माती, खाली काळा पाषाण. अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला तरी मुरायला जागा नाही. म्हणून तालुक्याचं पाऊसमान बघून काही ठरत नाही, घ्यायच्या जमिनीचा गट (सातबाऱ्यावरचा नेमका तुकडा) बघावा लागतो.

जागेत विहीर असेल तर मोटार लावून पाणी मीटरभर खाली घ्या, मोटार बंद करा आणि तासाभरात पातळी किती चढते ते खूण केलेल्या दोरीने मोजा. 4 मीटर व्यासाच्या विहिरीत 10 सेंटीमीटर चढ म्हणजे तासाला साधारण 1,250 लिटर आवक. मेमध्ये एवढी आवक असेल तर घर आणि भाजी निभते. बोटभरही चढली नाही, तर ती विहीर नव्हे, टाकी समजा.

आता पाण्याच्या खर्चाची बाजू. दोन माणसांना दिवसाला 250 लिटर धरा. ठिबकवरच्या भाजीला उन्हात गुंठ्यामागे सुमारे 500 लिटर, म्हणजे 3 गुंठ्यांना दीड हजार. फेब्रुवारी ते मध्य जून असे 130 दिवस धरले तर भाजीलाच जवळपास 2 लाख लिटर झाले. विहीर नसेल तर 15 बाय 15 मीटर, 3 मीटर खोल, एकास एक उताराचं प्लास्टिक अस्तराचं शेततळं लागेल. त्यात 4 लाख 40 हजार लिटर मावतात, पण ऑक्टोबरपासून वरचं मीटरभर पाणी उन्हानेच उडतं आणि जवळजवळ 2 लाख लिटर तिथेच जातात. तळ्याचा हिशेब करताना लोक हेच विसरतात आणि एप्रिलमध्ये वांगी सुकतात.

भाताची काळजी नको. तो पावसावरचा, 10 गुंठ्यांत अडीच-तीन क्विंटल भात सहज निघतो, तांदूळ दोघांना वर्षभर पुरतो. गाय मात्र सोडून द्या. रोजचं 60-70 लिटर पाणी तर आहेच, पण त्या 10 गुंठ्यांचा पेंढा तिला जेमतेम दोन महिने जातो. पुढचा सगळा विकतचा. कोंबड्या ठेवा, फार तर दोन शेळ्या.

तालुक्यांबद्दल थोडक्यात: कर्जत आणि शहापूरजवळच्या आसनगावपर्यंत लोकल आहे, मुरबाडला रेल्वे नाही. साठीनंतर दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात, तेव्हा हे बारीक समजू नका. कर्जत-नेरळ पट्ट्यात माथेरानचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र (2003) बांधकामाच्या आड येतं, आणि उल्हास नदीकाठ 2019 च्या जुलैत पाण्याखाली होता. शेजारच्या खालापुरात 2023 साली इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा डोंगराच्या कुशीतलं घर ‘व्ह्यू’साठी घेऊ नका. माणगावकडे ‘काळ’ नावाच्या पाटबंधारे प्रकल्पाच्या कालव्याखालच्या काही गावांत उन्हाळी भातही होतो. आमचा कौल अशा गावाला, पण कालवा कोणत्या महिन्यात बंद राहतो ते शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा, तोंडाशी राहणाऱ्याला नाही.

प्रश्न: एजंट 5 गुंठ्यांचे ‘फार्म प्लॉट’ दाखवतो. सातबारा सामाईक आहे, इतर हक्कात खाजगी वनाची नोंद आहे. ‘जुनी नोंद आहे, निघून जाईल’ असं म्हणतो. – एक वाचक, भांडुप

उत्तर: टोकन देऊ नका. 1975 च्या खाजगी वने कायद्याने अशी जमीन सरकारजमा झालेली असू शकते. नोंद कमी झाल्याचा फेरफार हातात पडेपर्यंत ती जमीन नाहीच असं धरा. सामाईक सातबाऱ्यावर तुमचं नाव इतरांच्या रांगेत लागतं, तुमचे 5 गुंठे नेमके कुठले हे कुठेच ठरत नाही. ज्याला आधी कुंपण घालता येईल त्याचा तो कोपरा. जमीन भोगवटादार वर्ग-2 ची, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली असेल किंवा जमीन मूळची आदिवासी खातेदाराची असेल, तर परवानगीशिवाय व्यवहार नको. मालकीच्या कागदांचा 30 वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या, बहिणींची नावं वारसात आहेत का बघा, आणि खरेदीखताआधी भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी करून घ्या. रस्ता गावनकाशावर शोधा. ‘वीस वर्षं इथूनच जातो’ हा रस्ता शेजारच्याशी बिनसलं की बंद होतो, आणि मग तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली रस्त्यासाठी अर्ज करत बसावं लागतं.

प्रश्न: माकडांवर उपाय? – एक वाचक, दादर

उत्तर: जाळीचं कुंपण डुक्कर अडवतं, माकड नाही. भाजीचे 3 गुंठे वरूनही जाळीने झाका. बाहेर हळद, आलं, सुरण लावा. पपई लावायची असेल तर माकडांचीही धरून लावा.