लिंकनला आलेले पाहुणे

लिंकन शहरातल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये तू पहिल्यांदाच अमेरिकन फुटबॉलची मॅच बघणार आहेस, तेव्हा आपल्या संघाच्या रंगाचा लाल टी-शर्ट घाल आणि लवकर निघ. आधी पार्किंगमध्ये टेलगेटिंग, म्हणजे गाड्यांपाशीच खाणंपिणं रंगतं, शेगड्या पेटलेल्या असतात. दुसऱ्या संघाच्या रंगातलं एखादं कुटुंब बावरलेलं दिसलं, तर आपणहून पुढे हो. कुठून आलात विचार, गेट दाखव, ताटलीत काहीतरी वाढ. रन्झा, म्हणजे इथला सारण भरलेला पाव दिलास तर आत कोबीबरोबर बीफ असतं, हे आधीच सांग. १९६२पासून इथे हाऊसफुल्लची परंपरा आहे. दाटीत त्यांना सरकून जागा दे. आरडाओरडा खुशाल कर, पण त्यांच्या मुलांना चिडवू नकोस. आणि हरलो तरी लगेच उठू नकोस. पाहुणा संघ मैदानाबाहेर जाताना इथले लोक टाळ्या वाजवतात, तूही मनापासून वाजव.