नव्या अंगणवाडीताईसाठी

ताई, गरोदर बाईच्या घरी गेलीस की आधी ती चहा कधी घेते ते विचार. लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा झाला तर लोह नीट अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक, एवढं सांगून भागत नाही, रिकामी पाकिटं बघायला माग. बाळाच्या मेंदूला लोह लागतंच.

फॉलिक ॲसिड मात्र दिवस राहण्याआधीपासून हवं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, तेव्हा बाईला चाहूलही नसते. म्हणून नव्या सुनेच्या घरी आधी जा.

मीठ आयोडीनचंच, झाकणाच्या बरणीत.

सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग घन आहार. इथंच घोडं अडतं. सासूबाई मायेनं वरणाचं वरचं पाणी पाजतात, त्यात डाळ जवळजवळ नसतेच! वाद घालू नकोस, त्यांच्यासमोर चमचा तिरका करून दाखव. ओघळलं तर पातळ. घोटलेला वरणभात, वर तूप किंवा तेल, घरात चालत असेल तर नीट शिजवलेलं अंडं. भरवताना बाळाशी गप्पा मारायच्या, मोबाइल दाखवायचा नाही.